मुंबईच्या पावसाचा अंदाज कसा वाचावा: शहरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

मुंबईत पहिला पावसाळा काढणारा माणूस रोज सकाळी विचारतो, ‘आज पाऊस आहे का?’ जून ते सप्टेंबर या काळात या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही, कारण उत्तर बहुतेक दिवशी ‘आहे’ असंच येतं. विचारायचं ते असं: पाऊस कुठे पडणार, किती वाजता पडणार आणि त्या वेळी समुद्राला भरती असेल की ओहोटी? या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या नाहीत तर अंदाज बरोबर असूनही तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहता, आणि मग दोष अंदाजाला देता.

हाताशी काय काय हवं

- भारतीय हवामान विभागाचं ‘मौसम’ अ‍ॅप आणि विभागाच्या मुंबई प्रादेशिक केंद्राचं संकेतस्थळ. जिल्ह्याचा अंदाज, इशारे आणि रडारची चित्रं इथेच मिळतात.
- महापालिकेचं आपत्ती व्यवस्थापनाचं अ‍ॅप. वॉर्डांमधल्या स्वयंचलित पर्जन्यमापकांचे आकडे आणि भरतीच्या वेळा त्यात असतात. महापालिकेच्या मदतवाहिनीचा क्रमांक १९१६.
- वर्षाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. पावसाळ्यातल्या साडेचार मीटरच्या वरच्या भरतींची यादी महापालिका दरवर्षी मेच्या आसपास जाहीर करते. ती फोनमध्ये जपून ठेवा.
- विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप. मुंबईत याचा खरा उपयोग मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतो.
- तिथी दिसणारं कुठलंही दिनदर्शिकेचं पान. का, ते चौथ्या पायरीत.
- एक वही. तीन महिने रोज दोन ओळी लिहिल्यात तर तुमच्या गल्लीचा पाऊस तुम्हाला कोणत्याही अ‍ॅपपेक्षा चांगला कळू लागेल.

१. तुमचं केंद्र कोणतं, ते आधी ठरवा

मुंबईच्या पावसाचे अधिकृत आकडे मुख्यतः दोन ठिकाणांहून येतात: कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, म्हणजे खुद्द हवामान विभागापेक्षा (स्थापना १८७५) जवळपास पन्नास वर्षांनी जुनी. सांताक्रूझचं केंद्र विमानतळाजवळ आहे. बातम्यांमध्ये ‘मुंबईत इतका पाऊस’ असं येतं तेव्हा बहुतेक वेळा तो आकडा सांताक्रूझचा असतो.

दोघांत अंतर वीसेक किलोमीटरचं, पण पावसाच्या हिशोबाने ती दोन वेगळी गावं आहेत. २६ जुलै २००५च्या महापुरात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला फक्त ७३ मिमी. उलटंही घडतं. ५ ऑगस्ट २०२०ला कुलाब्याला ३३१.८ मिमी पडला, तेव्हा सांताक्रूझला त्याच्या निम्म्याच्या आसपास. जून ते सप्टेंबरची सरासरी (१९९१ ते २०२०च्या आकड्यांवरून) कुलाब्याला सुमारे २,०९५ मिमी, तर सांताक्रूझला सुमारे २,३१९ मिमी आहे. सह्याद्रीच्या दिशेने, विहार-तुळशी आणि ठाण्याकडे सरकलात की पाऊस आणखी वाढतो.

ढोबळ नियम असा: दादरच्या दक्षिणेला राहत असाल तर कुलाबा, वांद्र्याच्या उत्तरेला सांताक्रूझ. मुलुंड, भांडुप, बोरिवली, दहिसर इथल्या रहिवाशांसाठी मात्र दोन्ही केंद्रं कमीच सांगतात. तुम्ही राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला टेकून राहता, तेव्हा महापालिकेच्या जवळच्या पर्जन्यमापकाचा आकडा बघायची सवय लावा. थंडीतही हा फरक टिकतो. जानेवारीत सांताक्रूझचं किमान तापमान कुलाब्यापेक्षा तीन-चार अंशांनी कमी असणं नेहमीचं आहे. त्यामुळे ‘मुंबईचा पारा १४ वर’ ही बातमी कफ परेडला पोचत नाही.

२. मिलिमीटर आणि साडेआठची भानगड समजून घ्या

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हवामान विभागाच्या प्रतवाऱ्या २४ तासांच्या पावसावर आधारलेल्या आहेत:

- २.५ ते १५.५ मिमी: हलका
- १५.६ ते ६४.४ मिमी: मध्यम
- ६४.५ ते ११५.५ मिमी: मुसळधार
- ११५.६ ते २०४.४ मिमी: अति मुसळधार
- २०४.५ मिमी आणि पुढे: अत्यंत मुसळधार

२.५ मिमीच्या खाली पडला तर तो दिवस पावसाचा दिवस म्हणून मोजलाच जात नाही.

इथे चार गफलती होतात, आणि नवखा माणूस चारही करतो.

पहिली, दिवसाची. हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. आज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस आजच्या तारखेला लिहिला जातो, पडलेला असतो तो बहुतांशी काल. म्हणूनच २६ जुलै २००५चा ९४४ मिमी पाऊस नोंदवहीत २७ जुलैच्या नावावर सापडतो. जुने आकडे शोधणारे एक दिवस मागेपुढे चुकतात ते यामुळेच.

दुसरी, अर्धवट आकड्यांची. संध्याकाळच्या बातमीतला आकडा सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाचचा असतो. तो नऊ तासांचा आकडा आहे, २४ तासांचा नाही. त्यात सकाळचा आकडा मिसळून ‘आजचा एकूण पाऊस’ काढला की भलतंच काही तयार होतं.

तिसरी, एककाची. विभागाच्या पत्रकांत केंद्रनिहाय पाऊस बऱ्याचदा सेंटिमीटरमध्ये, पूर्णांकात दिलेला असतो. ‘सांताक्रूझ २०’ म्हणजे २०० मिमीच्या आसपास, २० मिमी नव्हे.

चौथी शब्दाची. महसूल खात्याच्या भाषेत मंडळात २४ तासांत ६५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला की ‘अतिवृष्टी’, कारण त्यावर पंचनामे ठरतात. टीव्हीवर मात्र तोच शब्द २०० मिमीलाही वापरतात. शब्द सोडा, आकडा धरा.

आणि आकडा धरलात तरी तो किती तासांत पडला, हे विचारल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नका. १०० मिमी दिवसभर रिपरिपत पडला तर शहर चालू राहतं. तोच तीन तासांत पडला तर मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता, गांधी मार्केट ही नेहमीची नावं ऐकू येऊ लागतात. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिमी पाऊस वाहून नेतील, तेही ओहोटी असताना, अशा हिशोबाची होती. पुढच्या सुधारणांचं उद्दिष्ट तासाला ५० मिमी आहे. तासाला ५० मिमीच्या वर पाऊस गेला की पाणी साचणार, यात आश्चर्य वाटायचं कारण नाही.

३. इशाऱ्याची भाषा शिका

अंदाजातलं नेहमीचं वाक्य असं असतं: ‘कोकण-गोव्यात बहुतांश ठिकाणी पाऊस, तुरळक ठिकाणी अति मुसळधार पावसाची शक्यता.’ हे वाक्य तीन तुकड्यांत वाचायचं.

‘कोकण-गोवा’ हा हवामान विभागाचा एक उपविभाग आहे. डहाणूपासून काणकोणपर्यंतचा सगळा किनारा त्यात येतो. म्हणजे या वाक्यातला अति मुसळधार पाऊस वेंगुर्ल्यालाही पडू शकतो आणि मुंबई कोरडी राहू शकते. मुंबईसाठी जिल्ह्याचा तक्ताच उघडा.

‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त केंद्रांवर, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून जास्त, ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या आणि ‘तुरळक’ म्हणजे पाव किंवा त्याहून कमी. हे शब्द पावसाच्या जोराबद्दल काहीच सांगत नाहीत, फक्त व्याप्तीबद्दल सांगतात. ‘तुरळक’ वाचून छत्री घरी ठेवणारे नेमके त्या पाव भागात सापडतात.

‘शक्यता’ या शब्दालाही मोजमाप आहे. नुसती शक्यता म्हणजे २५ ते ५० टक्के, पुढच्या पायरीला ५० ते ७५ आणि सगळ्यात ठाम शब्दाला ७५ च्या वर.

रंगांचं म्हणाल तर हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना पाऊस किती पडेल यासोबत त्याचा परिणाम काय होईल याचाही विचार होतो, म्हणून रंगावरून मिलिमीटरचा उलटा हिशोब करू नका. पिवळा इशारा असलेल्या दिवशीही तुमच्या भागात दोन तासांत ८० मिमी पडू शकतो. उलट, लाल इशाऱ्याच्या दिवशी ऊन पडलं म्हणून अंदाज फसला असंही समजू नका. इशारा जिल्ह्यासाठी आणि पूर्ण मुदतीसाठी असतो, तुमच्या खिडकीसाठी नसतो.

पाच दिवसांच्या अंदाजातला पहिला दिवस आणि पाचवा दिवस सारख्या भरवशाचे नसतात. पाचव्या दिवसाचा रंग बघून लग्नाचा हॉल बदलू नये. आदल्या संध्याकाळचा अंदाज मात्र गांभीर्याने घ्यावा. सगळ्यात जवळचा म्हणजे तीन तासांचा तात्कालिक इशारा. तो रडारवरचे ढग पाहून काढलेला असतो, त्यामुळे घराबाहेर पडण्यापूर्वी तोच बघायचा.

४. भरतीचं वेळापत्रक पावसाशेजारी ठेवा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि मुंबईत हीच सगळ्यात जास्त कामाची आहे.

शहराचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात आणि खाड्यांत जातं. नाल्यांची तोंडं बऱ्याच ठिकाणी भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मोठी भरती असताना ती उघडी ठेवली तर समुद्रच आत येईल, म्हणून दारं बंद होतात आणि पाणी पंपांनी बाहेर फेकावं लागतं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथली उदंचन केंद्रं त्यासाठीच आहेत. ज्या तासाला भरती शिगेला असते त्याच तासाला ढग फुटल्यासारखा पाऊस आला की पाण्याला जायला जागाच उरत नाही. २६ जुलै २००५च्या दुपारी हेच झालं: भरती साडेचार मीटरच्या जवळपास होती आणि पावसाचा सगळ्यात मोठा जोरही त्याच दुपारी होता.

वेळापत्रक वाचायला सोपं आहे. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा पाऊण-एक तास उशिरा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. भांगाच्या दिवसांत भरती साडेतीन मीटरच्या आसपासच राहते आणि तेव्हा बऱ्यापैकी मोठा पाऊसही शहर पचवतं.

वेळापत्रक हाताशी नसेल तर कोकणातला जुना हिशोब वापरा: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटेही. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हा हिशोब चालतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या काम भागलं आहे ते याच हिशोबावर.

आता लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट. सर्वांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येला नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. म्हणजे प्रतिपदा-द्वितीयेला, आणि पाऊणपटीच्या हिशोबाने ती वेळ निघते दुपारी पाऊण ते दीडची. जून ते ऑगस्टमध्ये दुपारची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा उंच असते. त्यामुळे महापालिकेच्या यादीतल्या बहुतेक धोक्याच्या वेळा दुपारच्या असतात, म्हणजे शाळा सुटायच्या आणि दुसरी पाळी सुरू व्हायच्या. यादीतल्या दिवशी नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास सखल भागातून प्रवास टाळा.

एक खुलासा: वेळापत्रकातले ४.६ मीटर म्हणजे रस्त्यावर ४.६ मीटर पाणी नव्हे. ती उंची सागरी नकाशांच्या शून्य पातळीपासून मोजलेली असते. लाटांची उंचीही त्यात नसते. उंच लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था वेगळे देते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून माणसं ओढली जातात ती लाटांमुळे, भरतीच्या आकड्यात न दिसणाऱ्या.

५. रडारचं चित्र स्वतः वाचा

मुंबईवर लक्ष ठेवणारं जुनं डॉपलर रडार कुलाब्याला आहे. दुसरं जोगेश्वरी-अंधेरीकडच्या वेरावलीच्या टेकडीवर जानेवारी २०२२मध्ये सुरू झालं. संकेतस्थळावर चित्रांचे अनेक प्रकार दिसतात. सुरुवातीला दोनच पुरेत: ‘मॅक्स झेड’ म्हणजे ढगातलं सगळ्यात जोरदार परावर्तन, आणि ‘एसआरआय’ म्हणजे जमिनीवर तासाला किती मिलिमीटर पडतोय याचा अंदाज.

वाचायचा क्रम असा ठेवा.

आधी चित्रावरची वेळ बघा. ती बऱ्याचदा जागतिक वेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ०६:३० दिसलं तर आपल्याकडे दुपारचे बारा. वेळ अर्ध्या तासापेक्षा जुनी असेल तर त्या चित्रावर काही ठरवू नका, चित्र अडकलेलं असू शकतं.

मग दोन लागोपाठची चित्रं घ्या. दहा मिनिटांत पट्टा पाच किलोमीटर सरकला तर त्याचा वेग ताशी ३० किलोमीटर. समुद्रात ३० किलोमीटरवर असलेला पट्टा तासाभरात तुमच्या डोक्यावर. पावसाळ्यात पट्टे बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतात.

आता खरा सापळा. मोठ्या पावसाच्या दिवशी हा हिशोब फसतो. ढग पुढे सरकत असतात, पण मागे समुद्रावर त्याच जागी नवे ढग तयार होऊन त्याच रुळावरून एकामागून एक येत राहतात. चित्रात पट्टा जागचा हललेला दिसत नाही. चार-पाच चित्रांत लाल-पिवळा पट्टा तिथल्या तिथेच दिसला तर ‘निघून जाईल’ म्हणू नका. तो न हलणं हाच इशारा.

रंगांबद्दल (डीबीझेड हे परावर्तनाच्या जोराचं एकक): २० डीबीझेडच्या आसपास भुरभुर, ३५च्या पुढे व्यवस्थित पाऊस, ४५च्या पुढे जोराचा. पण मॉन्सूनच्या ढगांची गंमत अशी की ते वळवाच्या ढगांइतके उंच नसतात, गारा-बर्फ कमी आणि पाण्याचे थेंब असंख्य. त्यामुळे ४० डीबीझेडचा पट्टासुद्धा जुलैत धो धो पडतो. मे महिन्यात तोच रंग दिसला तर पाऊस त्या मानाने कमी असतो.

वेरावलीच्या रडारच्या लहरी कमी लांबीच्या आहेत, त्या जोरदार पावसात क्षीण होतात. मोठ्या पट्ट्यामागचा भाग कोरडा दिसला तर तो खरंच कोरडा असेल असं नाही. कुलाब्याच्या रडारशी ताडून बघा.

६. दोन-तीन दिवस आधीची चिन्हं

फोनवरच्या परदेशी अ‍ॅपमध्ये ‘७० टक्के पाऊस’ असं ढगाचं चित्र येतं. त्यामागचं गणित साधारण १० ते २५ किलोमीटरच्या चौकटीसाठी केलेलं असतं, आणि मुंबईची चौकट बऱ्याचदा अर्धी समुद्रात असते. जुलैत ही अ‍ॅप रोजच पाऊस दाखवतात. त्यापेक्षा हवामान विभागाच्या पत्रकातल्या तीन गोष्टी शोधा.

- किनाऱ्यालगत, दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत कमी दाबाचा लांबट पट्टा आहे का? हा असेल तर कोकणात पाऊस चालू राहतो.
- बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र मध्य भारतातून गुजरातच्या दिशेने सरकतंय का? मग अरबी समुद्रावरचे वारे जोर धरतात.
- उत्तर कोकण किंवा सौराष्ट्राजवळ, जमिनीपासून तीन ते सहा किलोमीटर उंचीवर चक्रीय वारे आहेत का?

तिन्ही एकाच वेळी असतील तर भरतीची यादी काढून ठेवा. मॉन्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी गेल्याचं वाचलंत, तर पुढचे काही दिवस उघडीप. कपडे वाळवून घ्या.

७. वर्षभरात काय अपेक्षित धरायचं

जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेचा वारा. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२चा. हल्ली १३-१४ झाले तरी शहर स्वेटर शोधतं.

मार्च-एप्रिलमध्ये सगळा खेळ समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा. सकाळी जमिनीवरून, पूर्वेचा वारा असतो आणि दुपारच्या आधी तो फिरून समुद्राकडून येऊ लागतो. वारा फिरायला उशीर झाला, एक-दोन वाजले, की पारा ३८च्या पुढे जातो. सांताक्रूझचा मार्चचा विक्रम ४१.७ (२८ मार्च १९५६) आणि एकूण विक्रम ४२.२ (१४ एप्रिल १९५२). विमानतळाच्या दर अर्ध्या तासाच्या हवामान नोंदीत वाऱ्याचा पाच आकडी गट असतो: पहिले तीन दिशा, पुढचे दोन वेग नॉटमध्ये. ‘०८००६’ म्हणजे पूर्वेचा वारा, अजून तापणार. ‘२८०१०’ झालं की समुद्राचा वारा आला. किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेसाठी निकष ३७ अंशांचा आहे, सोबत सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ हवी. मैदानी प्रदेशात तोच ४० अंशांचा. दमट हवेत ३७ अंश हे नागपूरच्या ४२ पेक्षा सुसह्य असतात, असं समजणाऱ्याने एकदा दुपारी दोनला लोकलच्या दुसऱ्या वर्गात उभं राहून बघावं.

मे महिन्यात वळीव. तो घाटाकडून, पूर्वेकडून, दुपारनंतर, विजा आणि वावटळीसह येतो. १३ मे २०२४ला घाटकोपरचा जाहिरात फलक कोसळला तो अशाच वादळात. चक्रीवादळांचाही हाच हंगाम: तौक्ते १७ मे २०२१ला मुंबईजवळून गेलं आणि सांताक्रूझला २३० मिमी पाऊस झाला, निसर्ग ३ जून २०२०ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलं.

मॉन्सूनची मुंबईतली सरासरी तारीख ११ जून, पण तारखेवर घराच्या दुरुस्तीचं काम लावू नका. २०१९ आणि २०२३मध्ये तो २५ जूनला आला आणि २०२५मध्ये २६ मे रोजी, १९५६च्या २९ मेचा विक्रम मोडून. गच्चीचं डांबर, पत्रे, गटारसफाई २० मेच्या आत उरकावी. वळीव आणि मॉन्सून ओळखायची खूण सोपी: वारा दिवसरात्र नैर्ऋत्येचा, गडगडाट कमी आणि पाऊस पहाटेही पडतोय, तर मॉन्सून.

जुलै सर्वांत ओला. सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरी सुमारे ९२० मिमी. जुन्या लोकांनी या काळातल्या पुनर्वसू आणि पुष्य या नक्षत्रांच्या पावसांना ‘तरणा’ आणि ‘म्हातारा’ म्हटलं आहे. नक्षत्रं सूर्याच्या स्थितीवर ठरतात, त्यामुळे त्यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच असतात. मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, हस्त सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दिनदर्शिका म्हणून ती उत्तम, अंदाज म्हणून नव्हे. ‘वाहन बेडूक, म्हणून भरपूर पाऊस’ यावर शेतीचा किंवा प्रवासाचा निर्णय घेऊ नये. हस्ताचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो हे निरीक्षण मात्र पक्कं आहे: परतीच्या वेळी वारे मंदावतात, हवा तापते आणि ढग पुन्हा उंच वाढू लागतात.

मॉन्सून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर ऑक्टोबर हीट.

शहरात धो धो पडला म्हणून पाणीकपात टळली, असं धरू नका. सात तलावांपैकी फक्त विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत. भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा यांना पाऊस ठाणे, पालघर आणि नाशिकच्या डोंगरांत लागतो.

८. जुने आकडे शोधताना

केंद्राचा क्रमांक टिपून ठेवा: सांताक्रूझ ४३००३, कुलाबा ४३०५७. नावांची स्पेलिंगं बदलतात, क्रमांक बदलत नाहीत. दैनंदिन नोंदी हव्या असतील तर हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या माहिती-पुरवठा संकेतस्थळावर मागणी नोंदवावी लागते. लागणारी माहिती अशी: केंद्राचा क्रमांक, घटक (पाऊस, कमाल, किमान), कालावधी, उपयोगाचं कारण आणि ओळखपत्र. विद्यार्थी असाल तर संस्थेचं पत्र आधीच घ्या, ते नसलं की अर्ज रेंगाळतो. नुसता कल समजून घ्यायचा असेल तर पाव अंशाच्या चौकटींतला १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस पुणे कार्यालय मोफत देतं. पण या चौकटींत टोकाचे आकडे सरासरीत विरघळतात, ९४४ मिमी तिथे सापडणार नाही. महाराष्ट्राच्या मंडळनिहाय पावसासाठी कृषी विभागाचं ‘महारेन’ संकेतस्थळ आहे.

कुलाबा आणि सांताक्रूझच्या मालिका एकमेकींना जोडून लांब मालिका बनवू नका. ‘आजवरचा विक्रम’ वाचलं की कोणत्या केंद्राचा, ते विचारा. सांताक्रूझच्या नोंदी विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या आहेत, कुलाब्याच्या त्याहून शंभर वर्षं मागे जातात. कुलाब्याचा २४ तासांचा विक्रम ५ जुलै १९७४चा, ५७५.६ मिमी. २००५ साली तो मोडला नव्हता. तसंच ‘सरासरीपेक्षा २० टक्के जास्त’ असं वाचलंत तर ती सरासरी कोणत्या तीस वर्षांची, हेही बघा. ती दर दहा वर्षांनी बदलते.

९. गच्चीवरचं पर्जन्यमापक

सरळ बाजूंचं, १६ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं घ्या. त्याचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे एक मिमी पावसाला २० मिलिलिटर पाणी. खाली किमान पाच लिटरचा कॅन ठेवा. त्यात २५० मिमी मावतात. एक लिटरची बाटली ५० मिमीलाच भरून वाहते आणि मुंबईत तो नाश्त्यापूर्वीचा पाऊस आहे. कॅन एका रिकाम्या बादलीत ठेवला तर ओसंडलेलं पाणी मोजता येतं, मात्र बादलीचं तोंड झाका, नाहीतर पाऊस थेट बादलीतच पडेल.

कठड्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर यंत्र ठेवा. चार फूट कठडा असेल तर आठ फूट लांब. कठड्याला चिकटून ठेवलंत तर वाऱ्याचा भोवरा थेंब उडवून नेतो आणि आकडा कमी येतो. पाण्याच्या टाकीखाली तर मुळीच नको. नरसाळ्याच्या गळ्यात जाळी लावा, कबुतरांच्या पिसांनी तो आठवड्यात तुंबतो. मोजायची वेळ सकाळी साडेआठ, तरच कुलाबा-सांताक्रूझशी तुलना होईल. मोठ्या पावसाच्या दिवशी मध्येच कॅन रिकामा करावा लागला तर तेवढं माप वेळेसह लिहा आणि साडेआठला बेरीज करा. वहीत चार रकाने पुरेत: तारीख, मिमी, भरतीची वेळ आणि त्या दिवशी तुमच्या गल्लीत पाणी साचलं का.